छोट्या साइटसाठी साधं, खासगीपण जपणारं ॲनालिटिक्स कोणतं घ्यावं?

उत्तररात्र

नमस्कार मंडळी.

आकाशनिरीक्षणावरची एक छोटी साइट चालवतो. लेख, दर महिन्याच्या आकाशाचा नकाशा (छापून घेता येईल असा पीडीएफ) आणि दुर्बिणींची ओळख करून देणारी काही पानं, एवढाच पसारा. सगळं स्टॅटिक आहे. एचटीएमएल फाइली तयार करून होस्टवर चढवतो. डेटाबेस, लॉगिन, जाहिराती यातलं काही नाही.

सुरुवातीपासून सगळीकडे दिसतं तसं एक मोठं, फुकट ॲनालिटिक्स, म्हणजे वाचक मोजणारं टूल, लावलेलं आहे. त्यातले नव्वद टक्के रिपोर्ट मी कधी उघडत नाही. पण शनीची कडी बघायला आलेल्या माणसाच्या ब्राउझरमध्ये माझ्यामुळे कुकी (ओळख ठेवणारी छोटी नोंद) बसते, त्याची नोंद तिसऱ्याच कंपनीकडे जाते आणि त्यासाठी पानावर तो संमतीचा पडदा टांगावा लागतो, हे आता मला पटत नाही. म्हणून ते काढायचं ठरवलंय.

नावं वाचली आहेत: मातोमो, प्लॉझिबल, उमामी, गोटकाउंटर, फॅदम, सिंपल ॲनालिटिक्स. सगळेच 'खासगीपण जपतो' म्हणतात. नक्की कोण काय करतं आणि माझ्यासारख्याने काय घ्यावं? स्वतःच्या अनुभवावरून सांगाल तर बरं.

नोंदकर्ता

टूल नंतर निवडा. आधी कागद घ्या आणि लिहा, की कोणता आकडा पाहिल्यावर मी साइटवर काय बदलणार आहे? ज्या आकड्याने काहीच बदलणार नाही तो गोळाच करू नका. खासगीपण जपण्याचा याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही, कारण जे गोळाच केलं नाही ते फुटत नाही, विकलं जात नाही आणि त्याचा हिशोबही कुणाला द्यावा लागत नाही.

वाचकाचं शहर, स्क्रीनची रुंदी, ब्राउझरची नेमकी आवृत्ती ही माहिती टूल देतं म्हणून आपण घेतो. तुमच्या साइटवर मोबाइलवरून येणारे जास्त की संगणकावरून, एवढं कळलं तरी पुरे, कारण नकाशाचं पान त्यानुसार मांडता येईल.

दुसरं, होस्टकडून सर्व्हरचे लॉग, म्हणजे कोणतं पान कधी मागितलं गेलं याच्या नोंदी, मिळतात का? मिळत असतील तर पानावर एकही स्क्रिप्ट न लावता काम भागू शकतं. गोॲक्सेस नावाचं मुक्त टूल टर्मिनलमध्ये लॉग वाचून छान अहवाल काढतं. एडब्ल्यूस्टॅट्स त्याहून कितीतरी जुनं आहे आणि अजून चालतं.

कळफलक

लॉगबद्दल दोन सावधगिरीच्या गोष्टी. एक, त्यात प्रत्येक भेटीचा आयपी पत्ता (वाचकाच्या जोडणीचा इंटरनेटवरचा क्रमांक) बहुधा पूर्ण लिहिलेला असतो. म्हणजे 'स्क्रिप्ट नाही म्हणून खासगी' असं आपोआप होत नाही. लॉग किती दिवस ठेवायचे ते ठरवून जुने पुसावे लागतात.

दोन, आकडे फुगतात. शोधयंत्रांचे आणि इतर बॉट रात्रंदिवस पानं चाळत असतात, आणि बरेचसे स्वतःला सरळ क्रोम म्हणवतात. पुढे सीडीएन (पानांच्या प्रती ठेवून वाटणारी सेवा) असेल तर उलटं होतं: पान सीडीएनच्या कॅशमधून दिलं गेलं तर तुमच्या मूळ सर्व्हरला त्याचा पत्ताच लागत नाही.

उत्तररात्र

कागदावर लिहायला बसलो आणि यादी बघता बघता आटोपली:

कोणते लेख वाचले जातात (त्या विषयावर पुढचं लिहायला). वाचक कुठून येतात, म्हणजे शोधयंत्रातून, दुसऱ्या साइटवरून की कुणी पाठवलेल्या दुव्यावरून. नकाशाचा पीडीएफ किती जण उतरवून घेतात. आणि मोबाइल की संगणक.

होस्ट लॉग देत नाही, त्यामुळे तो मार्ग बंद. स्क्रिप्ट लागणारच.

एक प्रश्न. कुकी नसताना 'एवढे वाचक आले' हे ही टूल ओळखतात कशी? तोच माणूस दोन पानं उघडतो तेव्हा तो एकच आहे हे कसं कळतं?

मूठभर

हाच खरा प्रश्न आहे, आणि 'कुकी नाही' या जाहिरातीच्या ओळीमागे काय आहे हे त्यातूनच दिसतं. जरा सविस्तर लिहितो.

प्लॉझिबलची पद्धत धरू. पान उघडलं की छोटी स्क्रिप्ट सर्व्हरला निरोप पाठवते. सर्व्हरला आयपी पत्ता आणि ब्राउझरची ओळखओळ म्हणजे यूझर एजंट, दोन्ही दिसतातच. आयपीशिवाय तर इंटरनेट चालतच नाही. या दोन्हींत साइटचं नाव आणि एक यादृच्छिक आकडा मिसळून हॅश काढतात, म्हणजे गणिताने त्या सगळ्याचा एक ठरावीक लांबीचा ठसा बनवतात. या आकड्याला सॉल्ट म्हणतात. हॅश साठवला जातो, मूळ आयपी साठवत नाहीत. त्याच दिवशी तोच माणूस परत आला की तोच हॅश येतो, म्हणून तो एकच मोजला जातो. चोवीस तासांनी सॉल्ट बदलतो आणि जुना पुसला जातो.

इथे 'पुसला जातो' हे सगळ्यात महत्त्वाचं. आयपीचा नुसता हॅश काढून ठेवला तर ते खासगीपण नव्हेच. आयपीव्ही४ चे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. ऐकायला प्रचंड वाटतात, पण एखादं बरं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला शंभर कोटींहून जास्त हॅश काढतं. म्हणजे सगळ्या पत्त्यांचे हॅश काढून तुमच्याकडचा हॅश कोणत्या पत्त्याचा ते शोधणं हे काही सेकंदांचं काम. सॉल्ट मिसळला तरी तो कुठेतरी जपून ठेवला असेल तर ज्याच्या हाती तो लागेल त्याला हाच हिशोब करता येतो. सॉल्ट नष्ट झाला की मगच कालचा हॅश खरोखर निनावी होतो.

त्यामुळे कुठलंही टूल घेताना त्यांच्या कागदपत्रांत तीन गोष्टी शोधा: ओळख कशावरून बनते, ती किती काळ टिकते, आणि सॉल्टचं पुढे काय होतं. प्लॉझिबलमध्ये ती दिवसभर टिकते. गोटकाउंटरमध्ये काही तासच. उमामीत महिन्याच्या हिशोबाने बदलते, म्हणजे एकाच वाचकाच्या भेटी जास्त काळ जोडल्या जातात. सिंपल ॲनालिटिक्स तर ओळख बनवतच नाही. वाचक आधीच्या पानावरून म्हणजे तुमच्याच साइटवरून आला की बाहेरून, एवढंच बघतं. बाहेरून आला तर नवी भेट. मला ही युक्ती फार आवडते. आकडा थोडा ढोबळ येतो, पण कुणाचीच खूण ठेवावी लागत नाही.

पानगळ

@मूठभर, सुंदर प्रतिसाद. त्याला जोडून: हॅशच्या पद्धतीत आकडे कमीही येतात. शाळेच्या संगणक कक्षात शिक्षकांनी वीस यंत्रांवर उत्तररात्र यांचा नकाशा उघडला, तर बाहेर दिसणारा आयपी एक आणि ब्राउझरही सगळीकडे तोच. टूल म्हणणार, वाचक एक. मोबाइल कंपन्याही असंख्य ग्राहकांना एका पत्त्यामागे बसवतात. म्हणून 'किती माणसं' याऐवजी 'किती वेळा पान उघडलं' हा आकडा जास्त भरवशाचा धरावा.

वाटाड्या

थोडं वेगळं मत मांडतो. आमची संस्था प्रशिक्षणवर्ग घेते आणि नोंदणीचा अर्ज तीन टप्प्यांचा आहे. कोणत्या पत्रकामुळे किती नोंदण्या झाल्या आणि माणसं कोणत्या टप्प्यावर अर्ज अर्धवट सोडतात हे आम्हाला कळावंच लागतं. दुसऱ्या टप्प्यावर बरेच जण निघून जातात असं दिसलं तेव्हा तिथले अनावश्यक रकाने काढले, आणि फरक पडला. हेही वाचकाच्या भल्याचंच काम आहे. आम्ही मातोमो स्वतःच्या सर्व्हरवर ठेवलंय. आधी त्याचं नाव पिविक होतं, २०१८ पासून मातोमो. पीएचपी आणि मायएसक्यूएल असलं की बसतं, आणि डेटा आमच्याबाहेर जात नाही.

दुसरी अडचण: रोज ओळख बदलणाऱ्या टूलमध्ये महिन्याचे वेगळे वाचक कळतच नाहीत. एकच माणूस महिन्यात दहा दिवस आला की दहा वाचक दिसतात. परत परत येणारे किती, हा प्रश्न तिथे विचारताच येत नाही.

मूठभर

@वाटाड्या, महिन्याच्या वाचकांचं अगदी बरोबर आहे, आणि ती मुद्दाम घेतलेली मर्यादा आहे. उद्या ओळखता येऊ नये म्हणूनच सगळा खटाटोप. मग उद्या ओळखता येत नाही. पण कुकी लावली तरी हा आकडा खरा येतो का? सफारीने २०१९ पासून जावास्क्रिप्टने बसवलेल्या कुकीचं आयुष्य सात दिवसांवर आणलंय. दहा दिवसांनी परतलेला आयफोनवाला तिथेही नवाच दिसतो.

पत्रकाचं काम साध्या टूलमध्येही होतं. दुव्याच्या शेवटी यूटीएम टॅग, म्हणजे तो कुठे दिला होता हे सांगणारी खूण, लावला की कोणत्या पत्रकातून भेट झाली ते कळतं. टप्प्याटप्प्याची गळती म्हणजे फनेल मात्र सगळीकडे नसतो. प्लॉझिबलच्या होस्टेड (त्यांनीच चालवलेल्या) सेवेत आहे, स्वतः चालवायच्या कम्युनिटी आवृत्तीत नाही. तुमची गरज खरी आहे आणि त्याला मातोमोच योग्य.

नोंदकर्ता

वाटाड्यांच्या उदाहरणात कागदावरची कसोटी नीट उतरते. आकडा पाहिला, रकाने काढले. माझा विरोध आहे तो उद्या कामाला येईल म्हणून आज सगळं साठवून ठेवण्याला.

उत्तररात्र

मग कुकी न लावणारं टूल घेतलं की संमतीचा पडदा काढता येतो, हे पक्कं ना? माझे बरेच वाचक युरोपात आहेत म्हणून विचारतो.

सहीशिक्का

इतकं सरळ नाही. युरोपात दोन वेगळे कायदे एकत्र लागतात, आणि बहुतेक चर्चांत त्यांची गल्लत होते.

पहिला २००२ चा ईप्रायव्हसी निर्देश. त्याच्या कलम ५(३) चा रोख वाचकाच्या यंत्रावर काही साठवणं किंवा तिथून वाचणं यावर आहे. कुकी हे त्याचं एक उदाहरण फक्त. ओळखक्रमांक लोकल स्टोरेजमध्ये ठेवून 'आम्ही कुकी वापरत नाही' म्हटलं, तरी कलम लागतंच. या कलमाची व्याप्ती नेमकी कुठवर, यावर युरोपियन डेटा संरक्षण मंडळाने २०२४ मध्ये अंतिम मार्गदर्शन दिलं, आणि ते पुष्कळांना वाटत होतं त्यापेक्षा व्यापक निघालं.

दुसरा जीडीपीआर, २५ मे २०१८ पासून लागू. तो वैयक्तिक माहितीबद्दल आहे. बदलता आयपी पत्ताही वैयक्तिक माहिती ठरू शकतो, असं युरोपियन न्यायालयाने २०१६ मध्येच ब्रेयर खटल्यात म्हटलंय. म्हणून आयपी क्षणभर घेऊन हॅश करणं हीसुद्धा प्रक्रिया धरली जाते. तिला आधार आणि खुलासा लागतो.

फ्रान्सच्या नियामकाने, म्हणजे सीएनआयएलने, वाचकसंख्या मोजण्यापुरती संमतीतून सूट ठेवली आहे. अटी अशा: आकडेवारी फक्त त्या साइटच्या मालकासाठी, निनावी, दुसऱ्या साइटवर माग काढायचा नाही, खूण जास्तीत जास्त १३ महिने आणि माहिती २५ महिने. मातोमो नीट बसवलं तर या चौकटीत राहू शकतं. पण सगळ्या देशांचे नियामक एकसारखे वागत नाहीत.

डेटा कुठे जातो हाही प्रश्न असतोच. युरोपियन न्यायालयाच्या १६ जुलै २०२० च्या श्रेम्स-दोन निकालाने अमेरिकेला माहिती पाठवण्याची तेव्हाची व्यवस्था रद्द झाली. मग २०२२ मध्ये ऑस्ट्रिया, फ्रान्स आणि इटलीच्या नियामकांनी गूगल ॲनालिटिक्सच्या वापराविरुद्ध निर्णय दिले. जुलै २०२३ मध्ये नवी व्यवस्था आली आणि तो ताण सैल झाला. होस्टेड सेवा घेताना सर्व्हर कोणत्या देशात आहेत हे बघण्याची सवय तेव्हापासून लागली ती चांगलीच.

तुमच्यापुरतं माझं मत: ओळख अल्पकाळ टिकणारं, यंत्रावर काहीही न साठवणारं टूल घ्या, आणि खासगीपणाच्या पानावर चार सरळ वाक्यांत लिहा की काय मोजतो, कशासाठी आणि किती काळ ठेवतो. पडदा काढण्याची जोखीम फारच कमी होते. शून्य होते असं मी लिहून देणार नाही.

कळफलक

आता चालवण्याच्या बाजूने. उत्तररात्र, तुमच्याकडे स्वतःचा सर्व्हर नाही, म्हणून आधी हे ठरवा की तो सांभाळायचा आहे का. स्वतः चालवलं की डेटा आपला, हे खरं. पण सुरक्षेची अद्यतनं, बॅकअप, भरलेली डिस्क हेही मग आपलंच. वर्षभर अद्यतन न केलेलं मातोमो इंटरनेटवर उघडं पडलेलं असण्यापेक्षा चांगल्या माणसांनी सांभाळलेली होस्टेड सेवा वाचकांसाठी जास्त सुरक्षित.

ओझ्याचा क्रम माझ्या अनुभवात असा. गोटकाउंटर सगळ्यात हलकं: गो भाषेत लिहिलेली एकच फाइल, सोबत एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस, झालं. अगदी छोट्या व्हीपीएसवरही (भाड्याच्या आभासी सर्व्हरवरही) निवांत चालतं. उमामीला नोड (जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस लागतो. दिसायला नेटकं आहे आणि एमआयटी या मुक्त परवान्याखाली आहे. प्लॉझिबलच्या कम्युनिटी आवृत्तीला पोस्टग्रेससोबत क्लिकहाउस हा दुसरा डेटाबेस लागतो, आणि क्लिकहाउसला मेमरी सढळ हाताने द्यावी लागते. रोज शेकड्याने वाचक असलेल्या साइटसाठी ते जड पडतं.

होस्टेडमध्ये प्लॉझिबल, फॅदम, सिंपल ॲनालिटिक्स हे सगळे पैसे घेतात, आणि माझ्या मते घ्यावेतच. वाचकाची माहिती हे उत्पन्न नसेल तर खर्च कुणीतरी द्यायला हवा. गोटकाउंटरची होस्टेड सेवा देणग्यांवर चालते आणि बेताच्या वापराला विनामूल्य आहे. वापरलीत तर जमेल तशी देणगी द्या.

पानगळ

जाहिराती अडवणाऱ्या ब्राउझर-विस्तारांचा मुद्दा राहिला. अडवायच्या पत्त्यांच्या ईझीप्रायव्हसी या यादीत या साध्या टूलांचे पत्तेही असतात, आणि यूब्लॉक ओरिजिन हा विस्तार ती यादी मुळातच चालू ठेवून येतं. उत्तररात्र यांच्यासारख्या तांत्रिक वळणाच्या विषयावर असे वाचक बरेच असणार. बऱ्याच टूलांच्या मदतपानांवर यावर उपाय दिलेला असतो: स्क्रिप्ट आपल्याच डोमेनवरून प्रॉक्सी करून (आपल्या पत्त्यामागे दडवून) द्यायची, म्हणजे यादीला ती सापडत नाही.

मूठभर

तसं करू नये असं मला ठामपणे वाटतं. त्या माणसाने विस्तार बसवून 'मला मोजू नका' असं स्पष्ट सांगितलंय. आपलं टूल कितीही सभ्य असलं तरी त्याचा नकार वळसा घालून ओलांडायचा अधिकार आपल्याला येत नाही.

कळफलक

मी प्रॉक्सी करतो आणि मला त्यात वावगं वाटत नाही. पान मागितलं तेव्हा माझ्या सर्व्हरला ते दिसलंच. मी फक्त बेरीज करतो. विस्तार बसवणाऱ्याचा राग माग काढण्यावर असतो, पानाच्या बेरजेवर नाही. मात्र ब्राउझरकडून ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोलचा ('माझी माहिती विकू किंवा वाटू नका' असं सांगणारा) इशारा आला तर मी मोजत नाही, कारण तिथे माणूस यादीमार्फत नव्हे, थेट बोलतोय.

मूठभर

इशाऱ्याबद्दल सहमत, बाकी मतभेद राहू द्या. उत्तररात्र, तुमच्या प्रश्नाला तर काही टक्के वाचक निसटले तरी फरक पडत नाही. कोणता लेख जास्त वाचला जातो हा क्रम तसाच राहतो.

नोंदकर्ता

एक गोष्ट कुणी लिहिली नाही, आणि ती मी एका साइटवर डोळ्यांनी पाहिली आहे. 'सर्वाधिक वाचलेली पानं' या यादीत खाली खाली गेलो तर पासवर्ड बदलण्याचे दुवे, प्रत्येकाच्या शेवटी लांबलचक टोकन, म्हणजे त्या माणसापुरती गुप्त किल्ली. आणखी खाली एका वार्तापत्रातून आलेले दुवे, ज्यांत प्रश्नचिन्हानंतर वाचकाचा ईमेल पत्ता जसाच्या तसा. टूल खासगीपण जपणारंच होतं, आयपीसुद्धा ठेवत नव्हतं. पण पानाचा पत्ताच माणसाचं नाव सांगत असेल तर ते काय करणार?

काही टूल प्रश्नचिन्हानंतरचा भाग स्वतःहून टाकून देतात आणि यूटीएमसारखे मोजके टॅगच ठेवतात. काही सगळं ठेवतात आणि बंद करायची सोय देतात. टूल लावल्यावर पहिल्या आठवड्यात पानांची यादी तळापर्यंत वाचा. साइटवर शोधपेटी असेल तर विशेष लक्ष द्या, लोक त्यात काहीही टाइप करतात.

उत्तररात्र

सगळ्यांचे मनापासून आभार. गोटकाउंटरची होस्टेड सेवा लावली आणि जुनी स्क्रिप्ट काढली. संमतीचा पडदाही काढला, आणि सहीशिक्का यांनी सांगितलं तसं खासगीपणाचं पान लिहिलं. प्रॉक्सी करणार नाही. आकडे एका पानावर मावतात. चंद्रग्रहणाच्या जुन्या लेखावर शोधयंत्रातून एवढे लोक येत असतील याची कल्पना नव्हती. तो आता नव्याने लिहायला घेतलाय.

एकच अडतंय. पीडीएफच्या बटणावर इव्हेंट (दाबल्याची नोंद) लावला आणि तो मोजला जातो. पण लोक पीडीएफचा थेट दुवा मेसेजिंग ॲपमधून एकमेकांना पाठवतात. तो उघडला की काहीच नोंद होत नाही. आणि ॲपमधून साइटवर येणारेही 'थेट' म्हणूनच दिसतात.

कळफलक

पीडीएफ उघडताना तुमचं पान उघडतच नाही, मग स्क्रिप्ट चालणार कुठून? लॉग नसताना हे मोजता येत नाही. ॲपमधल्या दुव्यांचंही तसंच: ॲप बहुधा रेफरर, म्हणजे वाचक कुठून आला ही माहिती, पाठवतच नाही. ब्राउझरमधूनही २०२० पासून क्रोम दुसऱ्या साइटला फक्त डोमेन कळवतो, पूर्ण पत्ता नाही. वाचकासाठी ते चांगलंच आहे.

निम्मा उपाय असा: नकाशाच्या पानावर 'पाठवा' असं बटण द्या आणि त्यातून पीडीएफचा नव्हे, पानाचा दुवा जाऊ द्या, यूटीएम टॅगसकट.

पानगळ

आणि नकाशाच्या कोपऱ्यात क्यूआर छापा, तुमच्या साइटच्या मदतपानावर नेणारा, 'नकाशा' असा टॅग लावून. पीडीएफ किती फिरला ते कळणार नाही, पण छापील नकाशावरून साइटवर किती जण आले ते कळेल.

उत्तररात्र

क्यूआरची कल्पना आवडली. पुढच्या महिन्याच्या नकाशात टाकतो. टॅग दर महिन्याला वेगळा ठेवू का?

मूठभर

महिन्यागणिक ठेवायला हरकत नाही, कोणता नकाशा जास्त वापरला गेला ते कळेल. उतरवून घेणाऱ्या प्रत्येकाला वेगळा टॅग मात्र देऊ नका, नाहीतर कुणाचा नकाशा कुणाच्या हाती गेला याचा माग लागायला लागेल.